गोठा, गोदाम व सार्वजनिक इमारतींतील नळीदिव्यांचे चोक : निवड, जोडणी व निगा

खेड्यात वीज पोचल्यानंतर गोठ्यात, धान्याच्या गोदामात, कुक्कुटगृहात, दूध संकलन केंद्रात व शाळेच्या वर्गात नळीदिवे, म्हणजेच ट्यूबलाइट, बसविण्याचा प्रघात पडला. दिवा विकत घेताना नळी कोणत्या कंपनीची आहे, प्रकाश किती पडतो, किंमत किती, याची चौकशी केली जाते. परंतु पट्टीच्या आत दडलेल्या चोककडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. वस्तुतः दिव्याचे आयुष्य, विजेचा खर्च आणि मुख्य म्हणजे इमारतीची व तीतील जनावरांची सुरक्षितता या तिन्ही गोष्टी बहुतांशी चोकवर अवलंबून असतात. वैरणीने भरलेल्या माळ्याखाली तापलेला चोक किंवा ओल्या गोठ्यात भूसंपर्काविना लटकणारी लोखंडी पट्टी हे नुकसानीचे व प्रसंगी प्राणहानीचे कारण होऊ शकते. यास्तव चोक म्हणजे काय, तो कसा निवडावा, कोठे व कसा बसवावा आणि त्याची निगा कशी राखावी, याची माहिती प्रत्येक शेतकऱ्यास व ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यास असणे अवश्य आहे.

चोकचे कार्य

साध्या तारेच्या दिव्यात प्रवाह किती जावा हे त्यातील तारच ठरवते. नळीदिव्याचे तसे नाही. त्याच्या नळीत अल्प दाबाचा वायू व पाऱ्याची वाफ असते. एकदा तीतून प्रवाह सुरू झाला की वाट अधिकाधिक सुकर होत जाते व प्रवाह वाढतच जातो. शेताच्या बांधाला लहानसे भगदाड पडले म्हणजे पाणी जसजसे वाहते तसतसे भगदाड रुंद होते, आणि भगदाड रुंद झाले की पाणी आणखी जोराने वाहते. नळीतील प्रवाहाची गत अशीच असते. त्यास आवर घातला नाही तर क्षणार्धात नळी निकामी होते किंवा फ्यूज वितळतो. हा आवर घालणारे साधन म्हणजे चोक होय. इंग्रजीत त्यास बॅलास्ट असे नाव आहे. जहाजाचा तोल राहावा म्हणून त्याच्या तळाशी जे वजन घालतात त्यासही हाच शब्द आहे, व चोकचे कामही प्रवाहाचा तोल सांभाळण्याचेच आहे.

जुन्या पद्धतीच्या ४० वॅटच्या चार फुटी नळीस चालू असताना सुमारे १०३ व्होल्ट दाब व ०.४३ अँपिअर प्रवाह लागतो. पुरवठा मात्र २३० व्होल्टचा असतो. जादा दाबाचा भार चोक पेलतो. शिवाय दिवा लागताना स्टार्टर उघडतो त्या क्षणी चोकच्या वेटोळ्यातून दाबाचा जोरदार धक्का निर्माण होतो व त्यानेच नळी पेटते. अशा रीतीने दिवा पेटविणे व पेटल्यावर त्यास मर्यादेत ठेवणे ही दोन्ही कामे चोकच करतो.

चोकचे दोन प्रकार

पहिला प्रकार तांब्याच्या तारेचा चोक. लोखंडी पातळ पत्र्यांच्या गाभ्यावर तारेचे वेटोळे गुंडाळून तो तयार करतात. तो वजनदार, टिकाऊ व दाबातील चढउतार बऱ्यापैकी सोसणारा असतो. परंतु त्यात स्वतःत ९ ते १५ वॅट वीज उष्णतेच्या रूपाने वाया जाते. हा चोक वापरल्यास दिव्याचा प्रकाश सेकंदास १०० वेळा कमीअधिक होतो. डोळ्यास हे जाणवत नाही. पण त्या प्रकाशात फिरणारे कडबा कुट्टी यंत्राचे चाक किंवा गिरणीचा पट्टा कधी कधी थांबल्यासारखा अथवा हळू फिरत असल्यासारखा भासतो. असा भास हाताच्या बोटांना महाग पडू शकतो.

दुसरा प्रकार इलेक्ट्रॉनिक चोक. यात प्रवाहाची कंपने सेकंदास २०,००० च्या वर नेली जातात. त्यामुळे प्रकाश स्थिर राहतो, गुणगुण ऐकू येत नाही, स्टार्टर लागत नाही व तितक्याच विजेत नळी सुमारे दहा टक्के अधिक प्रकाश देते. चोकमधील स्वतःची वीजहानी २ ते ४ वॅट इतकीच असते. दोष असा की उष्णता, ओल व दाबाचा अकस्मात चढ यांपुढे तो तांब्याच्या चोकपेक्षा लवकर हार खातो. खांबावरील न्यूट्रल तार तुटल्यास एखाद्या घराचा दाब पुष्कळ वाढतो व अशा वेळी इलेक्ट्रॉनिक चोक प्रथम बळी पडतो.

खरेदीच्या वेळी पाहावयाच्या गोष्टी

चोकच्या अंगावर छापलेली माहिती वाचल्याशिवाय तो विकत घेऊ नये. पुढील गोष्टी मुद्दाम पाहाव्यात.

१. भारतीय मानकाचा क्रमांक व चिन्ह. स्टार्टरवर चालणाऱ्या तांब्याच्या चोकसाठी आयएस १५३४, नळीदिव्याच्या इलेक्ट्रॉनिक चोकसाठी आयएस १३०२१ आणि एलईडी दिव्यांच्या चालक-साधनाच्या सुरक्षिततेसाठी आयएस १५८८५ ही मानके आहेत. स्टार्टरसाठी आयएस २२१५ हे मानक आहे.

२. दाब व वॅट. चोक २३० अथवा २४० व्होल्ट, ५० सायकल यासाठी असावा व नळीच्या वॅटशी तंतोतंत जुळावा. २० वॅटच्या नळीस ४० वॅटचा चोक लावल्यास प्रवाह अधिक जातो, नळीची टोके काळी पडतात व चोकही तापतो.

३. उष्णतेची मर्यादा. तांब्याच्या चोकवर टी-डब्ल्यू या अक्षरांपुढे १३० असा आकडा असतो. वेटोळ्याचे तापमान सतत १३० अंश सेल्सिअस राहिले तरी ते अखंड वापरात सुमारे दहा वर्षे टिकावे, असा त्याचा अर्थ आहे. तापमान याहून दहा अंशांनी वाढले तर आयुष्य जवळजवळ निम्म्यावर येते. इलेक्ट्रॉनिक चोकवर टी-सी अशी खूण केलेला एक बिंदू असतो. त्या जागचे तापमान छापलेल्या आकड्यापलीकडे जाता कामा नये.

४. शक्तिगुणांक, ज्यास व्यवहारात पॉवर फॅक्टर म्हणतात. केवळ तांब्याचा चोक असलेल्या दिव्याचा पॉवर फॅक्टर ०.५ च्या आसपास असतो. सुमारे ३.५ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडल्यास तो ०.९ च्या जवळ जातो व तारेतून वाहणारा प्रवाह ०.४३ वरून सुमारे ०.२५ अँपिअरवर येतो. गोदामासारख्या ठिकाणी अनेक दिवे एकाच ओळीवर असतील तेथे तारा तापू नयेत म्हणून ही गोष्ट महत्त्वाची आहे.

५. विद्युतरोधन. मानकाप्रमाणे तपासणी करताना चोक प्रथम ९१ ते ९५ टक्के आर्द्रतेच्या पेटीत ४८ तास ठेवतात. त्यानंतर ५०० व्होल्टच्या यंत्राने त्याचे रोधन मोजतात. ते किमान २ मेगोहम भरावे लागते. २३० व्होल्टच्या चोकचे साधे रोधन पुढे १,४६० व्होल्टचा दाबही एक मिनिट सोसले पाहिजे. बिनमानकाचा स्वस्त चोक अशा कसोटीतून गेला असेल याची शाश्वती नसते, आणि गोठ्यातील पावसाळी ओल ही रोजचीच कसोटी असते.

उष्णता व आगीचा धोका

चोक चालू असताना गरम होणे स्वाभाविक आहे. तो हाताला चटका बसण्याइतका तापू शकतो. धोका निर्माण होतो तो त्याची उष्णता बाहेर पडण्यास वाव न मिळाल्यास किंवा त्यातून नेमापेक्षा अधिक प्रवाह गेल्यास.

अधिक प्रवाह जाण्याची कारणे साधी असतात. स्टार्टरचे स्पर्शक चिकटून बसले की नळीची दोन्ही टोके लाल दिसतात, मधला भाग उजळत नाही आणि चोकमधून सतत जादा प्रवाह जात राहतो. नळी जुनी झाली व तिच्या एका टोकाची शक्ती संपली की प्रवाह एकाच दिशेने अधिक वाहू लागतो. अशा वेळी तांब्याच्या चोकची आवर घालण्याची शक्ती क्षीण होते व तो अवाजवी तापतो. रात्रभर लुकलुकणारा दिवा तसाच चालू ठेवणे हे म्हणूनच धोक्याचे आहे. सायंकाळी पाण्याचे पंप चालू असताना दाब उतरतो व दिवा लुकलुकतो. पंप बंद झाल्यावर दाब चढतो. चोकवर दोन्ही बाजूंनी ताण पडतो तो असा.

यासाठी पुढील नियम पाळावेत. चोक लाकडी वाशावर किंवा तुळईवर थेट ठोकू नये. लोखंडी पट्टीत बसवावा व पट्टी आणि लाकूड यांत हवा खेळेल इतके अंतर ठेवावे. चोकच्या वर किंवा शेजारी कडबा, पेंढा, पोती, वर्तमानपत्रे अगर प्लॅस्टिकचे कागद ठेवू नयेत. वैरणीची गंजी दिव्यापर्यंत कधीही येऊ देऊ नये. सुगीनंतर माळा भरताना मूळचे अंतर हळूहळू नाहीसे होते, म्हणून दिव्याची जागा ठरविताना रिकामा माळा न पाहता भरलेला माळा डोळ्यासमोर आणावा. तांब्याचा चोक दिव्यापासून दूर, वैरणीच्या खोलीबाहेर स्वतंत्र लोखंडी पेटीतही बसविता येतो. इलेक्ट्रॉनिक चोकच्या बाबतीत मात्र उत्पादकाने सांगितलेल्या अंतराच्या मर्यादेतच राहावे.

जोडणी व भूसंपर्क

जोडणीचे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे. तथापि काम योग्य झाले की नाही हे पाहण्यापुरते ज्ञान घरमालकास असावे.

बटण नेहमी फेज तारेवर असावे, न्यूट्रलवर असू नये. ते न्यूट्रलवर असल्यास दिवा विझतो, पण चोक व पट्टीतील तारा जिवंतच राहतात. नळी बदलण्यासाठी शिडीवर चढलेल्या माणसास मग अकल्पित धक्का बसतो. चोकही फेज तारेवरच जोडावा. चोकचे धातूचे अंग, पट्टी व परावर्तक पत्रा हे सर्व भूसंपर्काच्या, म्हणजेच अर्थिंगच्या, तारेशी पक्के जोडलेले असावेत. केवळ दोन तारा नेऊन भागविणे ही ग्रामीण भागात सर्रास आढळणारी चूक आहे. भूसंपर्काची व्यवस्था आयएस ३०४३ या मानकाप्रमाणे असावी.

दिव्यांच्या एका उपमंडलावर १० हून अधिक बिंदू अथवा ८०० वॅटहून अधिक भार असू नये, हा जुना व उपयुक्त दंडक आहे. भार मोजताना नळीच्या वॅटमध्ये चोकची हानी मिळवावी. मुख्य पेटीत ३० मिलिअँपिअर गळतीवर पुरवठा तोडणारा स्विच बसविणे हा गोठ्यासाठी उत्तम उपाय आहे. मात्र तो भूसंपर्काची जागा घेऊ शकत नाही, दोन्ही असावेत. कपॅसिटर असलेली पट्टी उघडताना मुख्य स्विच बंद करावा व किमान एक मिनिट थांबूनच हात घालावा, कारण कपॅसिटरमध्ये वीज काही काळ साठून राहते.

निरनिराळ्या इमारतींतील विशेष काळजी

गोठा. जनावर चारी पायांनी ओल्या जमिनीवर उभे असते व त्याच्या शरीराचा विद्युतरोध माणसापेक्षा कमी असतो. त्यामुळे माणसास केवळ झिणझिण्या आणणारा दाब जनावरास प्राणघातक ठरू शकतो. पुढचे पाय व मागचे पाय यांतील अंतरामुळे जमिनीतून पसरलेली वीजही त्यास अधिक बाधते. गव्हाणीच्या लोखंडी दांड्यास तोंड लावताच जनावर दचकू लागले, पाणी पिण्यास नाखूश दिसले किंवा दोहनाच्या वेळी अस्वस्थ झाले, तर इतर कारणांबरोबर विजेच्या गळतीचीही तपासणी करावी. दिवा जनावराच्या शिंगाच्या व उडीच्या टप्प्याबाहेर असावा. दिव्याचे आवरण धूळ व पाणी यांस रोखणारे असावे. आवरणावर आय-पी या अक्षरांपुढे दोन आकडे असतात. पहिला आकडा धुळीपासूनचे व दुसरा पाण्यापासूनचे संरक्षण दाखवितो. गोठ्यात किमान ४४ व पाण्याच्या फवाऱ्याने धुलाई होत असेल तेथे ६५ आकड्याचे आवरण घ्यावे. तार आवरणात खालच्या बाजूने शिरवावी, म्हणजे तारेवरून ओघळणारे पाणी चोकपर्यंत पोचत नाही.

कुक्कुटगृह. अंड्यावरील कोंबड्यांना दिवसाचा उजेड धरून सुमारे १६ तास प्रकाश देण्याची पद्धत आहे. दिवे रोज ठराविक वेळी लागणे व विझणे येथे अगत्याचे असते. चोक बिघडून काही रात्री प्रकाश चुकला तर त्याचा परिणाम अंड्यांच्या उत्पादनावर होतो. लिटरमधून निघणारा अमोनिया वायू पत्रा व जोडाचे स्क्रू गंजवितो, आणि पिसांची धूळ चोकवर थर धरून उष्णता कोंडते. म्हणून येथे बंद, न गंजणारे आवरण वापरावे व प्रत्येक कळप निघाल्यावर पुरवठा बंद करून ते कोरड्या फडक्याने साफ करावे. एक-दोन चोक व स्टार्टर शिल्लक ठेवावेत.

धान्याचे गोदाम. धान्याची बारीक धूळ ज्वालाग्राही असते. दिवे थप्प्यांच्या माथ्यावर न ठेवता मधल्या वाटेवर ठेवावेत व बटण दाराबाहेर असावे. साठ्यातील किडींसाठी अधिकृत तंत्रज्ञांकडून फॉस्फीन वायूची धुरी दिली जाते. हा वायू तांब्यास खातो. धुरी दिलेल्या गोदामातील चोक, स्टार्टर व तारांचे जोड लवकर खराब होतात. धुरीपूर्वी पुरवठा मुख्य स्विचपासून तोडावा, शक्य ती विद्युत साधने बाहेर काढावीत किंवा हवाबंद झाकावीत, आणि नंतर जोडांची तपासणी केल्याविना दिवे वापरू नयेत.

शाळा व ग्रामपंचायतीची इमारत. येथे गुणगुणणारा चोक अभ्यासात व सभेत व्यत्यय आणतो. पत्रे सैल झाल्याने किंवा पट्टीचे स्क्रू ढिले झाल्याने आवाज वाढतो. स्क्रू आवळूनही तो न थांबल्यास चोक बदलावा.

दोष ओळखणे

दिवा मुळीच न लागल्यास पुरवठा, नळीची बैठक, स्टार्टर व शेवटी चोक या क्रमाने पाहावे. टोके लाल व मधला भाग काळा दिसल्यास स्टार्टर बदलावा. नवा स्टार्टर घालूनही दिवा लुकलुकत राहिल्यास नळी संपली आहे किंवा दाब कमी आहे असे समजावे. नवी नळी घालताच टोके जळत असतील तर चोकचे वेटोळे आतून जोडले गेले आहे. दुसरी नळी घालून ती वाया घालवू नये. जळका वास, काळवंडलेले अंग, पाझरलेला राळेसारखा पदार्थ किंवा पट्टीस हात लावताच झिणझिण्या, यांपैकी एकही चिन्ह दिसले तर मुख्य स्विच तत्काळ बंद करावा. असा चोक दुरुस्त करून पुन्हा वापरण्याचा मोह टाळावा.

खर्चाचा हिशेब

एखाद्या गोठ्यात व कुट्टीच्या खोलीत मिळून ४० वॅटचे सहा दिवे आहेत व ते रोज पाच तास चालतात असे समजू. चोकची हानी १२ वॅट धरली तर एक दिवा ५२ वॅट घेतो. सहा दिव्यांस वर्षाला सुमारे ५६९ युनिट लागतात. यांपैकी १३१ युनिट केवळ चोक तापविण्यात जातात. त्याच जागी २० वॅटच्या सहा एलईडी नळ्या बसविल्यास वर्षाला २१९ युनिट लागतात, म्हणजे ३५० युनिटांची बचत होते. आपल्या विजेच्या दराने या आकड्यास गुणून प्रत्येकाने लाभ काढावा.

एलईडीकडे वळताना

पारायुक्त नळ्यांचा काळ संपत आला आहे. मिनामाटा कराराच्या २०२३ मधील परिषदेत चार फुटी नळ्यांसारख्या सरळ नळीदिव्यांचे उत्पादन व आयात-निर्यात, नळीच्या आतील लेपाच्या प्रकारानुसार, २०२६ व २०२७ पर्यंत थांबविण्याचे ठरले. त्यामुळे जुन्या पट्टीत एलईडी नळी बसविण्याचे प्रसंग वाढणार आहेत. या बाबतीत घाई करू नये. काही एलईडी नळ्या तांब्याचा चोक तसाच ठेवून व स्टार्टरच्या जागी सोबत दिलेला खास तुकडा घालून चालतात. काहींस चोक व स्टार्टर पूर्ण काढून सरळ २३० व्होल्ट द्यावे लागतात. एका प्रकारची नळी दुसऱ्या प्रकारच्या जोडणीत घातल्यास ती जळते किंवा धोका निर्माण करते. दोन्ही टोकांस वीज दिलेल्या पट्टीत नळीचे एक टोक बसविले असता दुसऱ्या टोकाच्या उघड्या पिना जिवंत होऊ शकतात, म्हणून नळी बसविताना पुरवठा बंदच असावा. जोडणी बदलल्यावर पट्टीवर तशी ठळक नोंद चिकटवावी, म्हणजे पुढे येणाऱ्या वायरमनची फसगत होणार नाही. एलईडीतही चोकचे काम करणारे चालक-साधन असतेच. उष्णता, ओल व भूसंपर्क यांविषयीचे वर दिलेले सर्व नियम त्यासही लागू आहेत.

निकामी नळ्या फोडू नयेत व उकिरड्यावर टाकू नयेत. त्यांतील पारा शेणखताबरोबर शेतात जाता कामा नये. जुन्या कपॅसिटरमधून तेल गळत असल्यास त्यास उघड्या हाताने स्पर्श करू नये. नळ्या, चोक व कपॅसिटर इ-कचरा स्वीकारणाऱ्या अधिकृत केंद्राकडे द्यावेत.

उपसंहार

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी पावसाळा सुरू होण्यापूर्वी आणि सुगीनंतर वैरण भरण्यापूर्वी अशी वर्षातून दोनदा गावातील गोठे, गोदामे व सार्वजनिक इमारती यांची पाहणी घडवून आणावी. भूसंपर्काची तार आहे काय, बटण फेजवर आहे काय, चोकभोवती मोकळी जागा आहे काय आणि लुकलुकणारे दिवे बदलले आहेत काय, हे चार प्रश्न विचारले तरी बहुतेक धोके वेळीच ध्यानात येतील. चोकची किंमत दुभत्या जनावराच्या किंवा वर्षभराच्या वैरणीच्या मानाने नगण्य आहे. काही रुपये वाचविण्यासाठी निकृष्ट चोक घेण्यापेक्षा मानकाचा चोक घेऊन तो योग्य रीतीने बसविणे हेच शेतकऱ्याच्या खऱ्या हिताचे होय.